जाड, सरळ, गोल: ठळक भौमितिक देवनागरीचा आढावा

गेल्या दहा-बारा वर्षांत देवनागरीचा चेहरा झपाट्याने बदलला आहे. पैसे पाठवण्याचे अॅप उघडा, महापालिकेचे जाहीर आवाहन पाहा, यूट्यूबवरच्या मराठी मुलाखतीचे शीर्षक वाचा, साधारण एकाच घडणीचे अक्षर समोर येते. जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी, टोके सपाट कापलेली, गोलाई कंपासने काढल्यासारखी आणि काने फूटपट्टीने ओढल्यासारखे. रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक आडवी पट्टी असते, तिला सेरिफ म्हणतात. ती नसलेले आणि वर्तुळ-चौकोनाच्या हिशेबाने बेतलेले अक्षर म्हणजे भौमितिक सान्स-सेरिफ. त्याचे ठळक वजन आज आपल्या लिपीवर राज्य करते आहे. ही घडण देवनागरीला कितपत मानवते आणि मराठीच्या पदरात तिच्यातून काय पडते, याचा विचार मात्र फारसा कुणी केलेला दिसत नाही.

हा विचार करायला व्हाइटफील्ड ही जागा चांगली आहे. बेंगळुरूच्या पूर्व टोकाचे हे उपनगर १८८२ साली वसले. म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने वसाहत उभी राहिली. तिची आखणीच गोलाकार होती, आजही इथल्या एका रस्त्याचे नाव इनर सर्कल आहे. १९९४ च्या भारत-सिंगापूर भागीदारीतून इथे इंटरनॅशनल टेक पार्क आले आणि मागोमाग काचेच्या इमारती आल्या. पुण्याहून, मुंबईहून, कोल्हापूर-सोलापूरकडून आलेली मराठी कुटुंबे इथल्या सोसायट्यांतून राहतात. त्यांच्या अवतीभोवतीच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजी आहेत. देवनागरी भेटते ती रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या फलकावर, सणासुदीच्या फ्लेक्सवर आणि सगळ्यांत जास्त हातातल्या फोनवर. आणि फोनवर देवनागरी कशी दिसावी हे ठरवणारी कितीतरी माणसे याच काचेच्या इमारतींत बसून काम करतात.

भौमितिक ठळक अक्षराची परीक्षा घ्यायला 'व्हाइटफील्ड' हा शब्दच पुरेसा आहे. कुठल्याही फाँटाच्या सर्वांत जाड वजनात तो जुळवून मोठा करून पाहावा. पहिला अर्धा व सोपा असतो, कारण ती वाटोळी वाटी आहे आणि भूमितीला वाटोळे आवडते. लगेच येणारा ह मात्र कुठल्याच वर्तुळात बसत नाही. त्याला मान आहे, पोट आहे, खाली वळणारी शेपटी आहे. रेषा जाड झाली की या तिन्हींमधली पांढरी जागा संपते आणि ह म्हणजे एक काळा गोळा होतो. इ मध्ये एकाखाली एक दोन वळणे आहेत. जाडी वाढली की ती एकमेकांना चिकटतात. ट हा भूमितीचा लाडका, एक छोटी दांडी आणि उजवीकडे उघडे वर्तुळ. मग येतो फी. फ च्या मधोमध एक काना, त्याच्या उजव्या अंगाला आकडा, त्यानंतर वेलांटीचा दुसरा काना. दोन जाड खांबांच्या मधे तो आकडा चेंगरतो. शेवटी ल्ड: अर्ध्या ल च्या पाकळ्यांना लागून ड चे वळण. हा शब्द जाड वजनातही लांबून ओळखू आला, तर फाँट करणाऱ्याने काम मन लावून केले आहे असे खुशाल समजावे.

आणखी एक कसोटी आहे 'मूर्तींची' या शब्दाची. खाली दीर्घ उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, म्हणजे एका ओळीत तीन मजले. रोमन लिपीला हा प्रश्न इतका कधी पडत नाही. ठळक करताना आडवी शिरोरेषाही जाडावते आणि वरच्या किंवा खालच्या मजल्याची जागा खाते. तिला वर वाढवले तर रफार आणि अनुस्वार आकाशात जातात, खाली वाढवले तर अक्षराचे पोट आक्रसते. म्हणून जाणकार माणूस शिरोरेषा कान्यापेक्षा बारीक ठेवतो. तसे करणे डोळ्यालाही पटते, कारण सारख्याच मापाची आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. जिथे दोन रेषा मिळतात तिथे सांधा थोडा कोरून हलका करतात, नाहीतर शाईचा ठिपका पडल्यासारखा दिसतो. सगळीकडे एकसारखी वाटणारी ही जाडी प्रत्यक्षात जागोजाग कमीजास्त केलेली असते. चांगल्या भौमितिक अक्षरातली भूमिती हा डोळ्यांना दिलेला आभास असतो, आणि तो उत्तम साधणे हे या कलेतले सर्वांत अवघड काम आहे.

ही घडण मुळात जर्मनीतली. पॉल रेनर यांचा फ्युचुरा हा टाइप १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बावर फाउंड्रीने बाजारात आणला. त्याच सुमारास याकोब एर्बार आणि रुडॉल्फ कॉख यांचेही भौमितिक टाइप आले, पण नाव झाले ते फ्युचुराचे. रेनर यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांत काही अक्षरे इतकी हट्टाने भौमितिक होती की वाचता येईनात. ती पुढे गळाली. अंतिम टाइपातला ओ देखील काटेकोर वर्तुळ नाही. १९६९ साली अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पट्टीवरची अक्षरे फ्युचुराची आहेत. त्यानंतर १९७० चा अव्हान्त गार्ड, २००० चा गॉथम, २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत ओबामांच्या फलकांवर झळकलेला तोच गॉथम, २०१५ ची गूगलची नवी नाममुद्रा, अशी ही परंपरा सरळ आजपर्यंत येते.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी लागते. रोमन मोठ्या अक्षरांचा सांगाडा दोन हजार वर्षांपासून दगडात कोरलेला आहे आणि त्यात वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आधीपासून होते. रेनर यांनी ते उघडे केले. देवनागरीचा सांगाडा बोरूने घडवला. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट्या कोनात तिरके कापलेले, त्यामुळे जाड-बारीक वळणेही वेगळ्या ठिकाणी पडतात. ग ची, म ची, भ ची गाठ ही हाताच्या वळणातून आलेली आहे. तिथे जाडीचा फरक काढून टाकला आणि कंपास लावला, तर अक्षराचे हाडच बदलते. तरीही देवनागरीला स्वतःची भूमिती नाही असे म्हणणे चूक ठरेल. शिरोरेषा आणि काना यांचा काटकोन आहे, ठ चे पूर्ण वर्तुळ आहे, ळ चे आडवे जोडवर्तुळ आहे. २०१० च्या जुलैमध्ये सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह आपण रोज पाहतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रातल्या डी. उदय कुमार यांनी ते रचले. देवनागरी र आणि वर दोन आडव्या रेषा, त्यातली वरची शिरोरेषा. देवनागरीची भूमिती आतून फुलवली तर किती साधी आणि टिकाऊ होते, याचा हा उत्तम दाखला आहे.

मराठी छापखान्यांनी ठळक अक्षर पाहिलेच नव्हते असे नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात मुंबईत जो देवनागरी टाइप घडवला, राणोजी रावजी आरूंनी ज्याचे पोलादी ठसे कोरले, तो देशभर मुंबई वळण म्हणून गेला. पण शिशाच्या काळात जाड वजन ही चैन होती. देवनागरीच्या एका संचाला जोडाक्षरांसकट शेकडो खिळे लागत. जाड संच हवा असेल तर ते सगळे पुन्हा कोरायचे, पुन्हा ओतायचे, जुळाऱ्याने पुन्हा नवी केस मांडायची. त्यामुळे बहुतेक छापखान्यांकडे एक साधे वजन आणि एखादे जाड, एवढ्यावर भागे. खरे ठळक अक्षर रंगाऱ्याच्या कुंचल्यात आणि नाटका-सिनेमांच्या जाहिरातींत राहिले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अक्षरांतून उभी केली, ती प्रत्येक वेळी नव्याने हाताने काढून. तिथे प्रत्येक शब्दाची जाडी त्या शब्दापुरती ठरत असे, आणि म्हणूनच त्यातली जोडाक्षरे कधी गुदमरली नाहीत.

संगणक आल्यावर पुण्यातून दोन वाटा निघाल्या, सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. तिसरी वाट बेंगळुरूहून आली. महाराष्ट्रातल्या असंख्य डीटीपी दुकानांनी वर्षानुवर्षे ज्यावर लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवले ते आकृती हे सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या सायबरस्केप कंपनीचे. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या शहराचे नाव एवढ्याने तरी नोंदवायला हवे. या सगळ्या व्यवस्थांचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळे असल्याने एकीकडचा मजकूर दुसरीकडे कचरा होऊन उघडे. युनिकोडने ती अडचण सोडवली. विंडोजमध्ये आलेला मंगल हा र. कृ. जोशींचा फाँट लक्षावधी लोकांसाठी संगणकावरची पहिली देवनागरी ठरला. पण वजनांची वाण कायम होती. फाँटात जाड वजन नसेल आणि तुम्ही ठळकचे बटण दाबले, तर संगणक अक्षराला चारी बाजूंनी सरसकट फुगवतो. त्यात गाठी भरतात, अनुस्वार शिरोरेषेला टेकतो. सरकारी कार्यालयांच्या पत्रांतली ती सुजलेली शीर्षके आठवून पाहा.

२०१४-१५ च्या आसपास चित्र एकदम पालटले, आणि त्याची कारणे दोन होती. एक तांत्रिक. आता रेखाटनकार सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड अशी दोन टोके काढतो आणि मधली वजने संगणक हिशेबाने काढून देतो. निर्णयसागरला जे परवडले नसते, ते एका छोट्या गटाला शक्य झाले. दुसरे कारण पैशाचे. गूगलने भारतीय लिपींच्या मुक्त परवान्याच्या फाँटांना पाठबळ दिले, आणि जे फुकट मिळते ते पसरते. आजचे ठळक भौमितिक अक्षर इतके सार्वत्रिक होण्यामागे सौंदर्यापेक्षा परवान्याचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

या लाटेतला सर्वांत महत्त्वाचा फाँट पॉपिन्स. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्याची देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांचे. नऊ वजने आणि प्रत्येकाचे तिरके रूप, म्हणजे अठरा संच. भौमितिक देवनागरीत इतक्या वजनांचे कुटुंब तोवर नव्हते. त्यातला एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या मोठ्या अक्षरांशी न जुळवता, त्याहून उंच जाणाऱ्या छोट्या बी-डी-एचच्या दांड्यांशी जुळवली आहे. परिणामी शेजारी-शेजारी छापले तर देवनागरी दबत नाही. मात्रा-उकारांसाठी ओळींत जास्त अंतर लागते, तेही फाँटाच्या मापातच ठेवले आहे. आज जगभरचे रेखाटनकार निव्वळ इंग्रजीसाठी पॉपिन्स वापरतात आणि ओळी एवढ्या मोकळ्या का, बटणातला मजकूर मधोमध का बसत नाही, म्हणून वैतागतात. ती मोकळी जागा आपल्या वेलांट्यांची आणि उकारांची आहे. एरवी शंभर वर्षे देवनागरीने रोमनच्या चौकटीत अंग चोरून राहण्याचाच रिवाज होता. इथे पहिल्यांदा चौकट आपल्या मापाने कापली गेली, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

पॉपिन्समध्ये उणे काही नाही असे मात्र नाही. मधल्या वजनांत तो प्रसन्न दिसतो. सर्वांत काळ्या वजनात द्ध, ह्म, क्ष यांसारखी जोडाक्षरे छोट्या आकारात वाचायला त्रास देतात. अक्षरे रुंद असल्याने शब्द लांब होतात. मराठीत 'अभियांत्रिकी महाविद्यालय' यासारखे शब्द फोनच्या अरुंद पडद्यावर बसवायचे असतात, तिथे ही रुंदी महाग पडते.

त्या मानाने मुंबईच्या एक टाइप या गटाचे काम मला मराठीच्या हाडाजवळचे वाटते. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दात्ये आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला बलू हा फाँट काटेकोर अर्थाने भौमितिक म्हणता येणार नाही. त्याची टोके मऊ गोल आहेत, वळणे हाताची आहेत. पण ठळक, समान जाडीचे भारतीय अक्षर किती जिवंत असू शकते हे त्याने दाखवले. प्रत्येक लिपीतला बलू स्वतंत्र बेतला आणि नावही त्या भाषेतले दिले: गुजरातीत बलू भाई, बंगालीत बलू दा, मल्याळममध्ये बलू चेट्टन, कन्नडमध्ये बलू तम्मा. एकाच लिपीचे साचे उचलून दुसरीवर बसवले नाहीत. त्याच गटाचा मोदक तर जाडीची कमाल आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या या देवनागरीत अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ नाहीशी होते, उरते ती एक बारीक पांढरी चीर, आणि त्या चिरेवरूनच अक्षर ओळखायचे. उकडीच्या मोदकासारखे ते फुगलेले, कळ्या तेवढ्या दिसणारे. मोठ्या फलकावर दोन शब्दांसाठी तो लाजवाब आहे. परिच्छेदासाठी कुणी वापरला तर वाचणारा दुसऱ्या ओळीपाशी थांबेल, आणि तो त्यासाठी केलेलाही नाही.

२०२२ मध्ये आलेला त्यांचा अनेक हा फाँट या सगळ्या प्रवासाचा पुढचा टप्पा आहे. नऊ भारतीय लिपी आणि रोमन, आणि वजनाबरोबर रुंदीही पाहिजे तशी सरकवता येते. 'अभियांत्रिकी महाविद्यालय' जाड पण अरुंद छापायचे असेल तर ते यात नीट जमते. कन्नड आणि देवनागरी शेजारी मांडायची गरज बेंगळुरूत रोज पडते. त्यासाठी माझी पहिली शिफारस याच फाँटाची आहे.

पाटीवरच्या कन्नडचा प्रश्न वेगळा आणि शिकण्यासारखा आहे. कन्नड अक्षरे मुळातच गोल, म्हणजे भौमितिक घडणीला ती देवनागरीपेक्षा सोयीची वाटावीत. पण अक्षराच्या डोक्यावर तलेकट्टू नावाची खूण असते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. जाड करताना खालचा भाग लहान केला तर वाचत नाही, मोठा ठेवला तर खालच्या ओळीत घुसतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये कायदा दुरुस्त करून पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत इंग्रजी पाट्यांविरुद्ध आंदोलन झाले. त्याही आधी २०१७ मध्ये नम्म मेट्रोच्या फलकांवरची हिंदी विरोधामुळे काढावी लागली. म्हणून २०२३ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटफील्ड (काडुगोडी) या स्थानकाच्या फलकांवर देवनागरी शोधू नये. ज्याची भूमी त्याची लिपी मोठी, ही मागणी मला रास्त वाटते. आपण मुंबईत तीच करतो.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून पाटीवर मराठी देवनागरी सक्तीची केली आणि तिचा आकार इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नसावा असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. उद्देश उत्तम. पण आकार मोजायचा कसा? संगणकात दोन्ही लिपींना सारखाच आकडा दिला तर बहुतेक फाँटांत देवनागरी लहान दिसते, कारण तिला त्याच उंचीत मात्रा आणि उकारही बसवायचे असतात. इंग्रजी नाव सर्वांत काळ्या वजनात आणि मराठी नाव बारीक वजनात लावले, तरी उंची मोजणाऱ्याच्या पट्टीला दोन्ही सारखेच. कायद्याचे शब्द पाळले जातात आणि मराठी मात्र पाटीवर असून दिसत नाही. अशा पाट्या मुंबई-पुण्यात ढिगाने आहेत. नियम करताना शिरोरेषेपासून पायापर्यंतची प्रत्यक्ष उंची आणि रेषेची जाडी, या दोन्हींचा उल्लेख हवा होता.

उजेडाच्या पाट्यांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारतींवर आणि आता आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत त्याच लागतात. आतून दिवा लावलेले पांढरे अक्षर रात्री स्वतःच्या मापापेक्षा जाड दिसते, उजेड कडांबाहेर सांडतो. अमेरिकेत महामार्गांच्या फलकांसाठी क्लिअरव्ह्यू हा टाइप घडवला, त्यामागे हेच कारण होते: हेडलाइटच्या झोतात जुनी जाड अक्षरे आतून भरून जात. देवनागरीत पोकळ्या आधीच लहान, त्यामुळे आपल्याकडे हा धोका दुप्पट. दिवसा छापील फलकावर शोभणारे काळे वजन रात्रीच्या पाटीला एक-दोन पायऱ्या हलकेच घ्यावे. कारागिराच्या बाजूने मात्र देवनागरीचा एक फायदा आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध कापता येतो, एकेक अक्षर वेगळे बसवावे लागत नाही. फक्त अनुस्वार सुटा राहतो, आणि काही वर्षांनी तोच आधी पडतो. अनुस्वार पडलेल्या पाट्या पाहून वाईट वाटते.

आता मराठीचा स्वतःचा प्रश्न. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी अशा अनेक भाषांची लिपी, पण वळणे सगळ्यांची एक नाहीत. मराठीचा ल पाकळ्यांचा, श देठाचा. ५ आणि ८ या अंकांची वळणेही उत्तरेपेक्षा वेगळी. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णांची रूपे ठरवून दिली आहेत. शिवाय 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला डोळ्याच्या पापणीसारखा र हा आपल्याला रोज लागतो आणि हिंदीला लागत नाही. ळ चेही तसेच. 'अॅ', 'ऑ' वरचा चंद्र जाड वजनात शिरोरेषेत बुडणार नाही, हेही पाहावे लागते. बाजारातली बहुतेक ठळक अक्षरे हिंदी जाहिरातींचा ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून तपासली जातात. त्यामुळे क, ख, ग सुरेख आणि ळ मात्र घाईत आटोपलेला, असे पुष्कळ फाँटांत दिसते. मराठी वाचकाने फाँट निवडताना सर्वांत आधी ळ पाहावा.

चांगल्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आत ठेवलेले असतात. पण ते आपोआप बाहेर येत नाहीत. मजकुराची भाषा मराठी आहे असे पानाला किंवा अॅपला सांगावे लागते; वेबपानात त्यासाठी 'एमआर' हा दोन अक्षरी संकेत आहे. तो नसेल तर हिंदी वळण दिसते. हा संकेत लिहायला कुठल्याही प्रोग्रामरला काही सेकंद पुरतात आणि तरीही मराठी संकेतस्थळे सर्रास 'इंग्रजी' अशी नोंद घेऊन फिरतात. दुसरी खोड याहून वाईट आहे. पान लवकर उघडावे म्हणून फाँटाच्या फाइलीतला देवनागरी भाग काढून फक्त रोमन ठेवतात. मग त्याच पानावर इंग्रजी शीर्षक डौलदार ठळक भौमितिक अक्षरात आणि मराठी शीर्षक फोनमधल्या कुठल्यातरी पोरक्या अक्षरात उमटते. देवनागरीसाठी घडवलेला पॉपिन्स घेऊन त्यातून देवनागरीच कापून टाकायची, हे मला असह्य होते.

छापाईतही तीच कथा. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स इथल्या एका दुकानात छापायला दिला तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली होती आणि 'त्स' चा पाय मोडून दिसत होता. दुकानातला मुलगा कन्नड, त्याला देवनागरीचे व्याकरण माहीत असण्याचे कारण नाही. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपी जुळवण्याची सोय बंद होती. ती चालू केल्यावर सगळे जागेवर आले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी ही एक गोष्ट शिकून घेतली तर फलकांवरचा निम्मा कचरा निघून जाईल.

मग वापर कुठे करावा? पाटी, पोस्टर, पुस्तकाचे मुखपृष्ठ, बटण, बातमीचा मथळा, बसच्या कपाळावरचे गावाचे नाव, जिथे शब्द थोडे आणि अंतर लांब, तिथे ठळक भौमितिक देवनागरी निःशंक वापरावी. त्यातही शब्दात जोडाक्षरे जास्त असतील तर सर्वांत काळे वजन सोडून एक पायरी खाली यावे. ओळींतले अंतर इंग्रजीच्या सवयीपेक्षा सढळ ठेवावे. लेख, कथा, पाठ्यपुस्तक यांच्या मजकुराला मात्र हे अक्षर लावू नये. सारख्या जाडीमुळे अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यातला फरक वळणांच्या बारकाव्यात असतो, तोच पुसला जातो. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत तर हे कटाक्षाने टाळावे. लग्नपत्रिकेत, श्रद्धांजलीत, कवितेच्या पुस्तकात ते घालणाऱ्यांनी एकदा बोरूच्या वळणाचे अक्षर शेजारी ठेवून पाहावे, निवड आपोआप बदलेल.

व्हाइटफील्डच्या, हिंजवडीच्या, जगभरातल्या कचेऱ्यांत बसून पडद्यावरची अक्षरे मांडणाऱ्या मराठी मुलामुलींना एवढीच विनंती आहे. तुमच्या हातातल्या पानावर मराठी मजकूर असेल तर भाषेच्या रकान्यात मराठी लिहा, फाँटातला देवनागरी भाग काढू नका, आणि काम पुढे पाठवण्याआधी 'मूर्तींची', 'दुसऱ्या', 'शाळेला' हे तीन शब्द सर्वांत जाड वजनात एकदा वाचून पाहा.